‘शेक’ घेतल्यानंतरचा घास : किरणोपचाराचा एक न लिहिलेला इतिहास

१/ सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा नागपूरकरांना वेगळा सांगावा लागत नाही. याच शहरात मानेवाडा मार्गावरील प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. व्यसनांविरुद्ध गावोगाव खंजिरी वाजवणारे महाराज १९६८ मध्ये कर्करोगानेच गेले. आजचा धागा तोंड-घशाच्या कर्करोगावरील किरणोपचाराचा, म्हणजे लोकभाषेतील ‘शेक’चा.

२/ हा इतिहास आपण यंत्रांचा म्हणून वाचतो : १८९५ मध्ये रॉन्टगेन यांचे क्ष-किरण, १८९८ मध्ये क्युरी दांपत्याचे रेडियम, १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट. वाचलेला माणूस पुढे जेवला कसा, हे त्यात सापडत नाही.

३/ १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये आँरी कुतार यांनी घशाच्या कर्करोगावर किरणांची मात्रा एकदम न देता अनेक दिवसांत विभागून दिली. निरोगी पेशींना सावरायला वेळ मिळाला. आजही उपचार साधारण सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतात ते याच तत्त्वावर. हंगाम सोडून नागपुरात खोली घेऊन राहणाऱ्या शेतकऱ्याच्या मुक्कामाचे मूळ असे पॅरिसमध्ये आहे.

४/ किरण गाठ जाळतात, तसे कानापुढच्या लाळग्रंथीही सुकवतात. लाळ आटली की ज्वारीची भाकर घशाखाली उतरत नाही. वरणात कुस्करावी लागते, घासागणिक पाणी लागते. चव जाते, तर्री झोंबते. लाळेविना दात किडतात. किरण घेतलेल्या जबड्यातील जखम नीट भरत नाही, म्हणून खराब दात आधीच काढतात. जबडा आखडतो, खर्ऱ्याने तोंड आधीच कमी उघडत असेल तर अधिकच.

५/ शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, किरणोपचारही झाले. सुपारीच्या सवयीची खंत व्यक्त करताना दात काढावे लागले, तोंड उघडायला, गिळायला, बोलायला त्रास झाला, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले. मराठी सार्वजनिक जीवनात असे बोलणे दुर्मिळच.

६/ वैद्यकाने हे विचारायला उशीर केला. १९४० च्या दशकात अमेरिकेत कार्नोफ्स्की यांनी रुग्णाची कार्यक्षमता शून्य ते शंभर अशा गुणांत मोजली. पण गुण देणार डॉक्टर. रुग्णानेच उत्तरे द्यायची युरोपीय प्रश्नावली १९९० च्या दशकात आली. डोके व मानेच्या कर्करोगासाठी तिच्यात ३५ प्रश्न जोडले गेले : तोंड कोरडे पडते का? घरच्यांसमोर जेवताना अडचण वाटते का?

७/ मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने ही प्रश्नावली हिंदी आणि मराठीत आणून रुग्णांवर तपासली. तो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या मते या भाषांतराचे महत्त्व एखाद्या नव्या यंत्राएवढे आहे. पंक्तीत सर्वांत शेवटी उठणारा, म्हणून पंक्तीलाच न बसणारा माणूस त्यामुळे नोंदीत आला.

८/ अशा प्रश्नांनी तंत्रही तपासले गेले. लाळग्रंथी वाचवत किरणांची तीव्रता बदलणाऱ्या नव्या पद्धतीची ब्रिटनमध्ये जुन्या पद्धतीशी तुलना झाली. २०११ च्या निष्कर्षांनुसार वर्षभराने तोंडाचा लक्षणीय कोरडेपणा जुन्या पद्धतीत ७४ टक्के, तर नव्या पद्धतीत ३८ टक्के रुग्णांत उरला. जगण्याच्या प्रमाणात ठळक फरक नव्हता. फरक घासात होता.

९/ कोबाल्टच्या काळात शेक घेतलेल्यांना हे कोणी क्वचितच विचारले असेल. तुमच्या घरात असे कोणी असेल, तर त्यांना कोणता पदार्थ सोडावा लागला आणि त्यांच्यासाठी स्वयंपाकात काय बदलले, ते आजी-आईला विचारून खाली लिहा. नावे नकोत, गाव आणि अंदाजे साल पुरे.