सांस्कृतिक परिसर

नगराच्या ज्या सीमांकित भागात कलावंतांच्या कर्मशाळा, नाट्यगृहे, चित्रवीथी व कलासंस्था एकवटलेल्या असतात आणि ज्यास शासनाने कायद्याने वा ठरावाने तशी मान्यता देऊन करसवलती, अनुदाने किंवा बांधकामविषयक खास नियम लागू केलेले असतात, त्या भागास सांस्कृतिक परिसर म्हणतात. ‘कला व मनोरंजन परिसर’, ‘सर्जनशील परिसर’ ही नावेही प्रचलित आहेत. संरक्षित स्मारकाच्या बाबतीत मान्यता वास्तूला मिळते व मानधनाच्या बाबतीत ती कलावंताला मिळते. सांस्कृतिक परिसराच्या बाबतीत मात्र ती जागेला मिळते. या संकल्पनेचे सामर्थ्य व तिच्यातील मुख्य अडचण ही दोन्ही या एकाच गोष्टीतून उद्‌भवतात. ही पद्धती प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झाली.

कलावंतांच्या वस्त्या जुन्याच आहेत. पॅरिसमधील माँमार्त्र किंवा न्यूयॉर्कमधील ग्रिनिच व्हिलेज या वस्त्या कोणी घोषित केल्या नव्हत्या. स्वस्त भाडे, ऐसपैस जागा व समव्यवसायी शेजारी यांमुळे त्या आपोआप वाढल्या. अशा वस्तीला शासनाने नाव, सीमा व सवलती द्याव्यात, ही कल्पना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे.

पार्श्वभूमी : दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन नगरांतील मध्यमवर्ग उपनगरांकडे सरकला आणि अनेक मध्यवर्ती भागांना अवकळा आली. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यान्वये जुन्या वस्त्या पाडून तेथे नव्या योजना राबविण्यास संघराज्याचा निधी मिळू लागला. न्यूयॉर्कमधील लिंकन सेंटर हे संगीत, नृत्य व नाट्य यांचे भव्य संकुल अशाच योजनेतून उभे राहिले. १४ मे १९५९ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहौअर यांच्या हस्ते त्याच्या बांधकामाचा शुभारंभ झाला. त्यासाठी कृष्णवर्णीय व प्वेर्तो रीकन लोकांच्या सॅन हूआन हिल या वस्तीतील हजारो कुटुंबांना उठविण्यात आले. विख्यात जॅझ पियानोवादक थेलोनियस मंक हा याच वस्तीत लहानाचा मोठा झाला होता. कलेसाठी वास्तू उभारताना कला जोपासणारी वस्तीच नाहीशी होऊ शकते, हे या उदाहरणावरून दिसून आले.

सोहोचा प्रयोग : त्याच शहरात हाउस्टन स्ट्रीटच्या दक्षिणेस एकोणिसाव्या शतकातील बिडाच्या दर्शनी भागांच्या कारखान्यांचा व गोदामांचा भाग होता. उद्योग हलू लागल्यावर मोठ्या खिडक्यांचे व उंच छतांचे हे रिकामे मजले चित्रकार व शिल्पकार भाड्याने घेऊ लागले. तेथे काम करण्यास मुभा होती, राहण्यास नव्हती. १९६३ मध्ये नियोजनतज्ज्ञ चेस्टर रॅपकिन यांनी आपल्या अहवालात, हा भाग पाडून टाकण्याजोगा नसून तेथील लहान उद्योग अनेक गरीब कामगारांना रोजगार देतात, असे दाखवून दिले. १९६४ मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन कलावंतांना अशा इमारतींत मर्यादित प्रमाणावर राहण्याची मुभा मिळाली. तेथे कोणी राहते हे आगीच्या प्रसंगी अग्निशामक दलास कळावे, म्हणून प्रवेशद्वारापाशी तशी पाटी लावण्याची प्रथा पडली. या भागातून जाणाऱ्या नियोजित द्रुतगती मार्गाची योजना १९६९ मध्ये कायमची बारगळली. १९७१ मध्ये भू-वापराचे नियम बदलून, नगराच्या सांस्कृतिक विभागाने प्रमाणित केलेल्या कलावंतांना तेथील मजल्यांवर राहण्याचा अधिकार देण्यात आला. १९७३ मध्ये या भागास ऐतिहासिक परिसर म्हणून संरक्षणही मिळाले.

‘सोहो’ या नावाने हा भाग पुढे जगप्रसिद्ध झाला. पॉला कूपर यांनी १९६८ मध्ये येथे चित्रवीथी उघडली. १९७१ मध्ये लिओ कास्तेली यांची चित्रवीथी आली आणि तिच्यामागोमाग इतर अनेक आल्या. चित्रवीथींच्या मागून उपाहारगृहे, त्यांच्या मागून उंची वस्त्रांची दुकाने व श्रीमंत रहिवासी आले. प्रमाणपत्राची अट कागदोपत्री कायम राहिली, तरी तिची अंमलबजावणी शिथिल होती. जागांच्या किमती वाढत गेल्या आणि १९९६ मध्ये पॉला कूपर यांची चित्रवीथीही चेल्सी भागात हलली. समाजशास्त्रज्ञ शॅरन झुकिन यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लॉफ्ट लिव्हिंग या ग्रंथात या स्थित्यंतराची मीमांसा केली आहे. कलावंतांच्या वास्तव्याने जागेला जे मोल येते, त्याचा लाभ अखेर जागेच्या मालकाला होतो, असा तिचा आशय आहे. डिसेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या नगरपरिषदेने सोहोच्या भू-वापराचे नियम पुन्हा बदलले. त्यांनुसार कलानिधीत ठराविक रक्कम भरून कलावंतांसाठी राखीव असलेली जागा सामान्य निवासात बदलून घेण्याची तरतूद करण्यात आली.

नगरांचे उपक्रम : पिट्सबर्गमध्ये वेगळा मार्ग अवलंबिण्यात आला. तेथील पोलाद उद्योग ढासळत असताना हाइंझ या उद्योगपती घराण्याच्या पुढाकाराने १९८४ मध्ये पिट्सबर्ग कल्चरल ट्रस्ट हा विश्वस्त न्यास स्थापन झाला. पेन व लिबर्टी या रस्त्यांभोवतीचा बदनाम भाग त्याने हाती घेतला. जुन्या स्टॅन्ली चित्रपटगृहाचे नूतनीकरण होऊन १९८७ मध्ये बेनिडम सेंटर हे रंगमंदिर सुरू झाले. न्यासाने इमारतींची मालकी स्वतःकडे घेतल्याने वाढत्या भाड्याचे उत्पन्न कलाकार्यासाठीच वापरता आले. डॅलसमध्ये १९७७ च्या पाहणी-अहवालानुसार संग्रहालय (१९८४) व संगीतगृह (१९८९) अशा मोठ्या संस्था एका भागात आणण्यात आल्या. तेथे कलावंतांच्या वास्तव्याचा प्रश्न मुळातच गौण होता.

ऱ्होड आयलंड राज्याने १९९६ मध्ये प्रॉव्हिडन्स या राजधानीच्या मध्यभागासाठी कायदा केला. ठरवून दिलेल्या भागात राहून काम करणाऱ्या कलावंताच्या कलाकृतींपासूनच्या उत्पन्नावर प्राप्तिकर व त्यांच्या विक्रीवर विक्रीकर माफ झाला. पुढे राज्यातील इतर गावांतही असे परिसर नेमण्यात आले. मात्र सीमारेषेबाहेर या धोरणाचा हात पोहोचत नव्हता. शहराच्या ऑल्नीव्हिल भागात जुन्या गिरणीतील ‘फोर्ट थंडर’ हे चित्रकार व संगीतकारांचे नावाजलेले वसतिस्थान २००१ मध्ये रिकामे करण्यात आले आणि लवकरच त्या जागी बाजारसंकुल उभारण्यासाठी गिरणी पाडण्यात आली. याउलट, १९८५ मध्ये स्थापन झालेल्या ‘एएस-२२०’ या संस्थेने शहराच्या मध्यभागातील पडीक इमारत विकत घेऊन तेथे कलावंतांना राहण्यास व काम करण्यास माफक भाड्याने जागा दिल्या. १ डिसेंबर २०१३ पासून ऱ्होड आयलंडने मूळ कलाकृतींवरील विक्रीकर संपूर्ण राज्यात माफ केला. त्यामुळे या सवलतीपुरते सीमारेषेचे प्रयोजनच उरले नाही.

राज्यांचे कायदे : एकविसाव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत राज्यपातळीवर रूढ झाली. मेरिलंड (२००१), टेक्सस (२००५), लुइझिॲना (२००७), मॅसॅचूसेट्स (२०१०), कॅलिफोर्निया (२०१५) यांसारख्या डझनाहून अधिक राज्यांनी असे कायदे वा योजना केल्या. सर्वसाधारण कार्यपद्धती अशी : नगरपालिका किंवा स्थानिक संस्था नकाशा, कलासंस्थांची यादी व विकासाचा आराखडा जोडून अर्ज करते, राज्याची कलापरिषद किंवा तत्सम खाते पाहणी करून ठराविक मुदतीसाठी मान्यता देते, मुदत संपल्यावर कामाचा आढावा घेऊन ती वाढविली जाते. सवलतींच्या बाबतीत मात्र राज्याराज्यांत फरक आहे. लुइझिॲनात मूळ व एकमेव कलाकृतींच्या विक्रीवर करमाफी देण्यात आली. काही राज्यांत केवळ नाव, फलक व मार्गदर्शन एवढाच लाभ मिळतो. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये पहिले १४ परिसर निवडले. त्यांत लॉस अँजेल्सचे लिट्ल टोकिओ व सॅन डिएगोचे बॅरिओ लोगन या स्थलांतरितांच्या जुन्या वस्त्या होत्या.

मेरिलंडचा कायदा या वर्गातील प्रातिनिधिक कायदा मानता येईल. त्यात तीन सवलती आहेत : कलोपयोगी करण्यासाठी नूतनीकरण केलेल्या इमारतींना १० वर्षांपर्यंत मालमत्ताकरात सूट, प्रयोगांच्या तिकिटांवरील करमणूक कराची माफी आणि परिसरात निर्माण करून विकलेल्या कलाकृतींच्या उत्पन्नावर प्राप्तिकरात वजावट. यांपैकी पहिली सवलत इमारतीच्या मालकाकडे जाते, दुसरी नाट्यगृहचालकाकडे. कलावंताच्या वाट्याला तिसरीच येते. ज्याचे उत्पन्न मुळातच तुटपुंजे आहे, त्याला प्राप्तिकरातील वजावटीचा लाभही तुटपुंजाच मिळतो. भाडेकरू कलावंताच्या भाड्यावर कोणतीही मर्यादा या कायद्याने घातली नाही.

या त्रुटीचा प्रत्यय बॉल्टिमोर शहरात आला. तेथील पेन्सिल्व्हेनिया रेल्वेस्थानकाच्या उत्तरेकडील भागास २००२ मध्ये ‘स्टेशन नॉर्थ’ या नावाने मान्यता मिळाली. बाटल्यांची बुचे बनविणाऱ्या जुन्या कारखान्याच्या ‘कॉपीकॅट’ या इमारतीत कलावंत त्याआधीपासून राहत होते. मान्यतेनंतर पडीक घरांची डागडुजी झाली, कलावंतांसाठी माफक भाड्याची घरे बांधण्यात आली आणि बंद पडलेले पार्कवे चित्रपटगृह २०१७ मध्ये पुन्हा उघडले. परंतु २ डिसेंबर २०१६ रोजी कॅलिफोर्नियातील ओक्लंड येथे ‘घोस्ट शिप’ या गोदामवजा कलावसाहतीत आग लागून ३६ जण मृत्युमुखी पडल्यावर देशभर अशा इमारतींची तपासणी सुरू झाली. काही दिवसांतच स्टेशन नॉर्थमधील ‘बेल फाउंड्री’ ही इमारत असुरक्षित ठरवून तेथील कलावंतांना तात्काळ बाहेर काढण्यात आले. अग्निसुरक्षेचा आग्रह रास्तच होता. तथापि चौदा वर्षे मान्यता असलेल्या परिसरातही कलावंतांची निवासस्थाने सुरक्षित करण्याची व त्यांना तेथे टिकविण्याची तरतूद अपुरी होती, हे या घटनेने उघड केले.

नवे वळण : २०१० नंतरच्या दशकात या धोरणाचा रोख बदलू लागला. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या मिशन भागात तंत्रज्ञान उद्योगाच्या भरभराटीमुळे भाडी वाढली व लॅटिन अमेरिकन वंशाची कुटुंबे बाहेर पडू लागली. भित्तिचित्रे व पाककला यांसाठी प्रसिद्ध असलेल्या तेथील चोविसाव्या रस्त्याच्या भागास २०१४ मध्ये ‘काये २४’ या नावाने लॅटिनो सांस्कृतिक परिसर म्हणून मान्यता मिळाली. २०१७ च्या विशेष नियमांनी तेथील लहान दुकाने जोडून मोठे दुकान करण्यावर निर्बंध आणले. २०१८ मध्ये नगराने अशा परिसरांसाठी कायदा केला आणि त्याच वर्षी मतदारांनी हॉटेल कराचा काही भाग कला व सांस्कृतिक परिसर यांसाठी राखून ठेवण्यास संमती दिली. प्रत्येक परिसराच्या अहवालात तेथील इतिहासाबरोबर घरांच्या प्रश्नाचाही विचार करणे बंधनकारक आहे. बॉल्टिमोरमध्येही २०१९ मध्ये पेन्सिल्व्हेनिया ॲव्हेन्यू या कृष्णवर्णीयांच्या जुन्या कलाकेंद्रास मान्यता मिळाली. तेथील ख्यातनाम रॉयल थिएटर मात्र १९७१ मध्येच पाडले गेले होते.

भारतातील स्थिती : भारत सरकारने १९८५-८६ मध्ये स्थापन केलेली क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रे (उदा., उदयपूर व नागपूर येथील) अनेक राज्यांच्या समूहांसाठी आहेत; ती वरील अर्थाने परिसर नव्हेत. या संकल्पनेच्या जवळ जाणारे महाराष्ट्रातील उदाहरण म्हणजे मुंबईतील काळा घोडा हा भाग होय. सातव्या एडवर्डच्या अश्वारूढ पुतळ्यावरून या भागास हे नाव पडले. १९६५ मध्ये तो पुतळा तेथून हलविण्यात आला, तरी नाव टिकून राहिले. जहांगीर कलावीथी (१९५२) व आसपासची संग्रहालये, ग्रंथालये यांमुळे येथे कलेचे वातावरण पूर्वीपासून होते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या काळा घोडा असोसिएशनने १९९९ पासून वार्षिक कलामहोत्सव सुरू केला व त्यातून उभा राहिलेला निधी परिसरातील वास्तूंच्या जतनासाठी वापरला. येथील प्रेरणा नागरिकांच्या संघटनेची आहे. अमेरिकन कायद्यांप्रमाणे कलावंतास करमाफी वा निवासाचा हक्क देणे हा तिचा विषय नाही.

मूल्यमापन : सांस्कृतिक परिसरांमुळे अनेक ओसाड भागांत वर्दळ आली, जुन्या वास्तू वाचल्या आणि नगरपालिकांच्या अंदाजपत्रकात कलेला स्थान मिळाले, हे मान्य करावे लागते. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील मार्क स्टर्न व सुझन साइफर्ट यांच्या संशोधनात घोषणेवाचून निर्माण झालेल्या ‘नैसर्गिक’ सांस्कृतिक परिसरांचे सामाजिक महत्त्व दाखविलेले आहे. अशा वस्तीवर शासनाने नाव लावले की तिचा बाजारभाव वाढतो, आणि ज्यांच्यामुळे तो वाढला, त्यांचे भाडेही वाढते. सोहोपासून स्टेशन नॉर्थपर्यंतचा अनुभव पाहता, करसवलतीपेक्षा जागेची मालकी व भाड्याचे नियंत्रण कोणाच्या हाती आहे, यावर कलावंतांचे टिकून राहणे अधिक अवलंबून असते. पिट्सबर्गचा न्यास किंवा प्रॉव्हिडन्समधील ‘एएस-२२०’ यांसारख्या ज्या संस्थांनी इमारती स्वतःच्या ताब्यात ठेवल्या, त्यांच्या परिसरांत परिसराच्या उत्कर्षाचा वाटा कलेकडे वळला. जेथे ही तरतूद झाली नाही, तेथे परिसराचे नाव टिकले, परंतु ते मिळवून देणाऱ्या अनेकांना अन्यत्र आश्रय शोधावा लागला.