मुंबईतील मध्यमवर्गाचे स्थलांतर
जागेची टंचाई, तिच्या वाढत्या किंमती आणि अधूनमधून उद्‌भवणारी संकटे यांमुळे मुंबई बेटावरील नोकरदार कुटुंबांनी प्रथम उपनगरांत आणि पुढे ठाणे, पालघर व रायगड या जिल्ह्यांत वास्तव्य हलविण्याची प्रक्रिया.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा उद्‌भव झाला. १८९१ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सु. ८·२२ लाख होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत सु. ३·८ लाख लोक शहराबाहेर पडले, असा अंदाज आहे. साथ ओसरताच बहुतेक परतले. दाट वस्तीची धास्ती मात्र टिकली. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार न्यासाने दादर-माटुंगा भागात आखीव वसाहती वसविल्या. विजेवरील गाड्या १९२५ मध्ये कुर्ल्यापर्यंत व १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत धावू लागल्यावर कचेरीपासून दूर राहणे कारकुनाला शक्य झाले.

स्थलांतराला खरी गती मिळाली ती स्वातंत्र्योत्तर काळात. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने घरभाडे सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. चाळीतील भाडे नाममात्र राहिले. साहजिकच भाडेकरू खोली सोडीना आणि मालक दुरुस्ती करीना. भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधण्यात फारसे कोणाला स्वारस्य उरले नाही आणि रिकाम्या खोलीसाठी पागडी मोजावी लागे. वडिलांना कायद्याचे संरक्षण होते; वेगळा संसार थाटणाऱ्या मुलाला त्याचा उपयोग नव्हता. गिरगावातील वा दादरमधील खोली सोडताना हाती येणाऱ्या पागडीत भर घालून डोंबिवलीस मालकीची सदनिका घेता येई. या अर्थाने हे स्थलांतर भाडे वाढल्यापेक्षा भाडे गोठल्याचा परिणाम अधिक होय. वाचलेल्या पैशांची किंमत लोकलच्या गर्दीत उभ्याने घालविलेल्या तासांनी चुकती होई.

१९९२-९३ च्या दंगलींनंतर अनेक मुस्लिम कुटुंबे मुंब्र्यास गेली. तेथे जागेच्या किंमतीइतकाच सुरक्षिततेचा प्रश्न होता, त्यामुळे दोन्ही स्थलांतरे एकाच मापाने मोजता येत नाहीत.

बेटाची लोकसंख्या १९८१ मध्ये ३२·८५ लाख होती, ती २०११ मध्ये ३०·८५ लाख झाली. त्याच वर्षी कल्याण-डोंबिवली व वसई-विरार या महानगरपालिकांत प्रत्येकी १२ लाखांहून अधिक लोक राहत होते. अर्थात ही सर्व वाढ मुंबईतून आलेल्यांची नव्हे. डोंबिवली केवळ झोपण्यापुरते गाव राहिली नाही : गुढीपाडव्याची शोभायात्रा १९९९ मध्ये तेथूनच सुरू झाली आणि ९०वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१७ मध्ये तेथे भरले.

या स्थलांतराची सीमा मुख्यतः लोहमार्गाने ठरविली. रायगड जिल्ह्यात पनवेलचा परिसर त्यामुळे वाढला. मुरूड तालुक्यातील काशीद मात्र त्या कक्षेबाहेर राहिले. अलिबागच्या दक्षिणेस सु. ३० किमी. वरील हे किनारी गाव पूर्वी जंजिरा संस्थानात होते. या किनाऱ्यावरून माणसे पोटासाठी मुंबईस जात. आता मुंबईकर येथे येतात ते सुटीपुरते. भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारींसह प्रवासी नेणारी नौकासेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. तरी काशीदला लोहमार्ग नाही आणि तेथून रोज मुंबईची कचेरी गाठणे पगारदाराच्या आवाक्यातले नाही.