पावतीवरचं नाव

आमच्या घरात तीन पिढ्यांनी घर घेतलं. तिन्ही वेळा नवराबायको तिशीच्या आतबाहेरचे होते आणि तिन्ही वेळा पैसे कमी पडत होते. पहिलं घर लालबागचं, दुसरं डोंबिवलीचं, तिसरं आत्ताचं, बदलापूरचं. पहिल्याला ‘घेतलं’ म्हणावं की नाही, यावर घरात अजून एकमत नाही. आजोबांनी रोख पैसे मोजले, हयात त्या खोलीत काढली, पण मालक शेवटपर्यंत दुसराच राहिला.

ही हकिगत आजीच्या तोंडची. आजोबा रत्नागिरीकडून आले ते गावकऱ्यांच्या गाळ्यात. एकाच गावची वीस-पंचवीस माणसं एका खोलीत. भिंतीला ओळीने ट्रंका, त्यांवर वळकट्या. दिवसपाळीवाला कामावर गेला की रातपाळीवाला त्याच जागेवर आडवा. गाळ्यात बायको आणायची सोय नव्हती, त्यामुळे बहुतेकांच्या बायका गावी शेत राखत बसल्या. आजी मात्र लग्नानंतर वर्षभरातच मुंबईला आली आणि चुलत दिराच्या खोलीत पडदा लावून राहू लागली. दोन महिन्यांत तिने खानावळ सुरू केली. सहा गडी जेवायला. पुढे सहाचे चौदा झाले. आजोबा साचेखात्यात, आजी चुलीपाशी. गिरणीचा भोंगा वाजायच्या आत चौदा डबे भरलेले असायचे.

मुंबईत गरिबाला निजायला जागा नाही, हे दुखणं आजीच्याही फार आधीचं. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा दाटीवाटीच्या वस्त्यांकडे सरकारचं लक्ष गेलं आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. १९२० नंतर विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला चाळी बांधल्या. त्याच बीडीडी चाळी. खोली १६० चौरस फुटांची. आजोबांचे एक मित्र वरळीला अशा खोलीत नऊ माणसांनिशी राहत आणि तरी आजोबा त्यांना नशीबवान म्हणत.

मग १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला. भाडी गोठली. भाडेकरूला सहजासहजी काढता येईना. राहत्या माणसाला मोठा आधार झाला, पण चाळमालकाला नवी चाळ बांधण्यात काही राम उरला नाही. खोल्या वाढेनात आणि माणसं थांबेनात. अशा वेळी बाजार आपली वाट काढतोच, ती वाट म्हणजे पागडी. भाडं महिना अकरा रुपये, पण किल्ली हातात यायची तर आधी नऊशे रुपये. कायद्याने पागडी घेणं हा गुन्हा होता. त्यामुळे ती सगळे घेत, सगळे देत आणि कागदावर कुठेच नसे.

त्या नऊशेचा हिशेब आजी बोटांवर सांगायची. पाचशे खानावळीचे, तीनशे गिरणीच्या पतपेढीचं कर्ज, शंभर भिशीचे. मालकाचा भय्या नोटा मोजून घेत होता तेव्हा आजी दारात उभी होती. मोजून झाल्यावर तिने विचारलं, “पावती?” भय्या हसला म्हणे. पुढच्या महिन्यात भाड्याची पावती आली, अकरा रुपयांची, आजोबांच्या नावाची. आजी हे सांगून वर म्हणायची, “पाचशे माझे, पण त्याचा कागद नाही. गुन्हा करून घर केलं बघ आम्ही.” पागडीच्या व्यवहाराला कायद्याची मान्यता मिळाली ती १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने, म्हणजे ३१ मार्च २००० पासून. तोवर आजोबा राहिले नव्हते.

माझ्या आईबाबांनी हे सगळं ऐकलेलं होतं. त्यामुळे १९७९ मध्ये बाबांनी जागा बघायला सुरुवात केली ती एकाच अटीवर, जागा ओनरशिपची हवी. स्वतःच्या मालकीचं घर सामुदायिकरीत्या उभं करण्याची वाट तशी जुनी होती. गावदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५ मध्येच सहकारी गृहसोसायटी काढली होती. पण बिल्डरने इमारत बांधायची आणि एकेक ब्लॉक विकायचा, हा धंदा फोफावला तो नंतर. त्याला वेसण घालायला १९६३ मध्ये मोफा कायदा झाला. वीस टक्क्यांहून जास्त पैसे घेण्याआधी करारनामा नोंदवा, सोसायटी काढा, जमीन तिच्या नावे करून द्या, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

डोंबिवलीचा ब्लॉक छत्तीस हजारांचा. बाबा कारकून. नोकरदाराला घरासाठी कर्ज देणारी बँक शोधूनही सापडत नसे. हसमुखभाई पारेखांनी एचडीएफसी काढली ती १९७७ मध्ये, आणि पहिलं कर्ज दिलं त्याच्या पुढच्या वर्षी. निवृत्तीला पैसे जमवून घर बांधण्याऐवजी तरुणपणी घरात राहायला जा आणि मग फेडा, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. आमच्या घरी त्या कल्पनेवर कुणाचा भरवसा बसला नाही. बाबांनी फंडातून पैसे काढले, ऑफिसच्या पतपेढीचं कर्ज घेतलं, मामाने चार हजार हातउसने दिले. उरलेले आईच्या पाटल्यांचे. आजीने खानावळीच्या डब्यातून दीड हजार काढून दिले आणि बजावलं, “पावती घे.”

पावती मिळाली, घर मिळेना. त्या काळात सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं, परमिटशिवाय गोणी मिळत नसे. नियंत्रण थोडं सैल झालं ते १९८२ मध्ये आणि पूर्ण उठलं १९८९ मध्ये. आमचा बिल्डर दर रविवारी तेच ऐकवायचा, सिमेंट नाही. त्यात निम्मं खरं होतं, हीच पंचाईत. पूर्ण खोटं असतं तर भांडता तरी आलं असतं. अखेर १९८१ च्या दसऱ्याला आई अर्धवट गिलाव्याच्या घरात नारळ घेऊन गेली. नळाला पाणी दिवसाआड, वीज बांधकामाच्या मीटरची. बाबांचं ऑफिस फोर्टात, व्हीटीपासून डोंबिवली ४८ किलोमीटर. आजोबा भोंगा ऐकून चालत कामावर जात, बाबा ७.१२ चुकली की लेटमार्क खात.

वर्षही उलटलं नाही तोच १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आजोबांचा पगार थांबला. खानावळीचे गडी एकेक करून गावी गेले आणि आजीची चूल घरापुरती उरली. आईबाबांनी पतपेढीचा हप्ता भरून उरेल त्यात दोन घरं चालवली. संपाबद्दल घरात मतं निरनिराळी होती, पण एक गोष्ट आजी नेहमी सांगायची. गिरणीच्या जमिनींवर टॉवर उठले, आणि गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघायला २०१२ उजाडलं. तीस वर्षं. वाट पाहणाऱ्यांतले किती तोवर उरले असतील, हे गिरणगावात कुणालाही विचारावं.

डोंबिवलीची सोसायटी झाली. पन्नास रुपयांचे पाच शेअर, त्याचं सर्टिफिकेट आईने पत्र्याच्या पेटीत ठेवलं. नाव बाबांचं. पाटल्या आईच्या होत्या, तरी दुसरं नाव घालायचं कुणाला सुचलंच नाही, आईलाही नाही. आणि बिल्डर जमीन सोसायटीच्या नावे न करताच परागंदा झाला. इमारत आमची, तिच्याखालची जमीन त्याची. २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद झाली तेव्हा बिल्डरच्या सहीवाचून जमीन मिळवायची सोय झाली. इमारतीतले म्हातारे फायली घेऊन कचेऱ्यांचे जिने चढले. पुनर्विकासाचं बोलणं त्यानंतरच सुरू होऊ शकलं.

आता माझी भाची आणि तिचा नवरा. बदलापूरला वन बीएचके, एकतीस लाखांचा. व्हीटीची सीएसएमटी झाली आणि तिथून घर ६८ किलोमीटरवर गेलं. कमी पैशात घर घेणारा मुंबईकर उरलेली किंमत अशी रोजच्या प्रवासात मोजत आला आहे. पण या दोघांनी घर बघण्याआधी मोबाइलवर महारेराचा नंबर बघितला. २०१७ पासून नोंदणीशिवाय प्रकल्पाची जाहिरातही करता येत नाही. विक्री कार्पेटवर, कराराआधी दहा टक्क्यांच्या वर पैसे घ्यायचे नाहीत, ग्राहकांच्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात. मी हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “हे सगळं आपल्यालाच बघून लिहिलंय की काय?” तिचं खरं आहे. घराच्या कायद्यातलं बहुतेक प्रत्येक कलम कुणीतरी आधी नाडलं गेल्यावर आलेलं आहे.

पैशांचं मात्र तेच. बँकेने कर्ज मंजूर केलं, पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी खिशातून. तिच्या पीएफमधून काही, त्याच्या आईच्या मुदतठेवीतून काही, माझे थोडे. आजीच्या वेळची भिशी होती, आता व्हॉट्सअ‍ॅपवर ‘कधी परत करशील ते कर’ असं लिहून गूगल पे झालं.

करारनाम्याच्या आदल्या रात्री जावई हिशेब घेऊन बसला होता. राज्यात २०२१ पासून घर एकट्या बाईच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. म्हणजे एकतीस हजार. तो म्हणाला, “तुझ्या एकटीच्या नावावर करू, सोफा येईल.” आई लगेच म्हणाली, “कर गं बाई, आपल्या घराण्यात पहिल्यांदा होईल.” भाचीने कॅल्क्युलेटर बाजूला सारला. “आजी, हप्ता दोघं भरणार आहोत. नावं दोघांची लागतील. सोफा दिवाळीला घेऊ.” आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “मग तुझं आधी घाला.”

तसंच झालं. करारनाम्यावर पहिलं नाव तिचं, दुसरं त्याचं.

नवं घर शोधणाऱ्या जोडप्यांना माझं एवढंच सांगणं आहे. टाइल्स आणि बाल्कनी मागाहून बघा. आधी महारेराचा नंबर बघा, जमीन कुणाच्या नावे आहे ते बघा, करार नोंदवल्याशिवाय मोठी रक्कम हातातून सोडू नका. आणि ज्याचा पैसा, ज्याचं सोनं, ज्याचे कष्ट त्या भिंतींत गेले आहेत, त्याचं किंवा तिचं नाव कागदावर घाला. आजीच्या पाचशे रुपयांची पावती कुणी दिली नाही. तुमच्या पैशांची मिळू शकते, मागून घ्या.