वाजवणाऱ्याचं नाव

मंडळी, परवा पानशेतला दिवसभर पाऊस होता. अशा दिवशी आमचा उद्योग एकच, जुनी गाणी! नातवाने कॉम्प्युटरवर ‘अलबेला’ (१९५१) लावून दिला. भगवानदादांचा नाच किती वेळा पाहिला असेल, पण एका गाण्यात झालरीच्या बाह्यांचे लॅटिन ढंगाचे शर्ट घातलेला बँड दिसतो, त्याच्याकडे माझं लक्ष यावेळी प्रथमच गेलं.

तो बँड चिक चॉकलेटचा. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गोव्यातल्या हळदोण्याचा. तेव्हा तिथे पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्य स्वरलिपी शिकवत. तेवढ्या शिदोरीवर कितीतरी गोवेकर मुंबईला आले. चिक ताजमहाल हॉटेलात स्वतःचा बँड घेऊन ट्रंपेट वाजवू लागला. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र, म्हणजे चितळकर अण्णा, यांनी त्याला साथीला घेतलं. संगीतकाराने पेटीवर चाल ऐकवायची, आणि प्रत्येक वाद्याने काय वाजवायचं ते या मंडळींनी कागदावर उतरवायचं, अशी त्या काळची रीत. ‘अलबेला’त क्यूबाचा बोंगो आणि ट्रंपेट आपल्या चालींत असे मिसळले की ते परके आहेत हे आम्हाला कळलंसुद्धा नाही.

पण तेव्हाच्या सिनेमांच्या नामावलीत वादकांची नावं सहसा नसत. चिक १९६७ साली गेला, जेमतेम एक्कावन्न वर्षांचा. त्याची गाणी गुणगुणणाऱ्या माझ्यासारख्याला त्याचं नाव सत्तरी उलटल्यावर कळलं!

आणि मग एक गोष्ट आठवून खजील झालो. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात लेझमीला हलगी वाजवायला दरवर्षी एक गृहस्थ यायचे. आभारप्रदर्शन माझ्याकडे असे. पाहुणे, संस्थाचालक, मांडववाले, सगळ्यांची नावं मी घेत असे. त्यांच्या वाट्याला फक्त ‘वादक मंडळी’! आज आठवू म्हटलं तर हलगीचा ठेका जसाच्या तसा आठवतो. नाव आठवत नाही. मी ते कधी विचारलंच नव्हतं.

तुमच्या गावात असं कुणी असेल तर आजच जाऊन नाव विचारा. आणि मला जरूर कळवा.