कॅरोलायना पोपट आणि माणिककंठी हमिंगबर्ड

अमेरिकेच्या पूर्व भागातील नदीकाठच्या जुन्या अरण्यांत एकोणिसाव्या शतकात कॅरोलायना पोपटांचे थवे वावरत असत. अंगाने हिरवा, डोक्याने पिवळा आणि चेहऱ्यावर नारिंगी झाक असलेला हा त्या प्रदेशातील एकमेव देशी पोपट होता. त्याच प्रदेशात वीण करणारा माणिककंठी हमिंगबर्ड मात्र आजही दर वसंत ऋतूत परततो. जेमतेम ३ ग्रॅम वजनाचा हा पक्षी हवेत एका जागी तरंगत फुलांतील मधुरस शोषतो आणि स्थलांतरात मेक्सिकोचे आखात, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटरचे पाणी, न थांबता ओलांडू शकतो.

पिसांच्या व्यापाराने पोपट आणि हमिंगबर्ड या दोन्ही कुळांना ओरबाडले. १८८६ मध्ये फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञाने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर ७०० टोप्या मोजल्या, तेव्हा त्यांपैकी ५४२ टोप्यांवर पिसे आढळली. लंडनच्या लिलावांत तर हमिंगबर्डांची कातडी हजारोंनी विकली जात. तरीही कॅरोलायना पोपटाच्या नाशाला केवळ टोप्यांची हौस कारणीभूत ठरली, असे म्हणणे अपुरे ठरेल. जंगल तुटून तेथे फळबागा आल्या, पोपट त्या फळांवर उतरू लागले आणि बागाईतदारांनी बंदुका उचलल्या. थव्यातील एखादा पक्षी गोळी लागून पडला, की बाकीचे पळून न जाता त्याच्याभोवती घिरट्या घालत आणि आरडाओरडा करत पुन्हा तेथेच येत, त्यामुळे एका जागी उभ्या असलेल्या शिकाऱ्याला सबंध थवा टिपता येई. पक्षितज्ज्ञ अलेक्झांडर विल्सन याने हे वर्तन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच नोंदवले होते, आणि १८३१ पर्यंत पक्षिचित्रकार ऑडुबॉनला या पोपटांची घटती संख्या जाणवू लागली होती. सोबत्याला न सोडण्याची जी वृत्ती थव्याचे बळ होती, तीच बंदुकीपुढे घातक ठरली, हे या इतिहासातील सर्वांत क्लेशकारक सत्य आहे.

घरट्याच्या बाबतीतही दोघांत मोठे अंतर होते. पोपटाला राहण्यासाठी आणि विणीसाठी जुन्या वृक्षांच्या ढोली लागत, आणि असे वृक्ष तोडल्यावर त्यांची जागा भरून यायला पिढ्या जातात. उलट हमिंगबर्डची मादी कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी फांदीवर इवलेसे घरटे विणते, त्याला बाहेरून दगडफुलाचे तुकडे चिकटवते आणि पिल्लांना एकटीच वाढवते. जंगलाच्या कडा आणि घराभोवतालच्या बागाही तिला पुरतात.

अखेरचा ज्ञात कॅरोलायना पोपट, इंकास, २१ फेब्रुवारी १९१८ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. त्याच वर्षी जुलैमध्ये स्थलांतरित पक्ष्यांना संरक्षण देणारा अमेरिकी कायदा झाला आणि त्याच्या आधारभूत करारात हमिंगबर्डांचा स्पष्ट उल्लेख होता. पुढे या पोपटाच्या जुन्या नमुन्यातील जनुकांचा अभ्यास झाला, तेव्हा दीर्घकाळ घटत गेलेल्या जातींत आढळणाऱ्या अंतःप्रजननाच्या, म्हणजे जवळच्या नात्यांतील संकराच्या, खुणा त्यात सापडल्या नाहीत. याचा अर्थ ही जात पूर्वीपासून खंगत आलेली नव्हती. तिचा नाश झपाट्याने झाला आणि संशोधकांनी त्याची जबाबदारी माणसावर ठेवली आहे.