छिद्रांचं कुळ

1823 सालच्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतल्या येना गावी योहान डोबेरायनर या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने हायड्रोजनची बारीक धार प्लॅटिनमच्या भुसभुशीत गोळ्यावर सोडली. धार हवेतून जात असल्याने वाटेत तिच्यात ऑक्सिजन मिसळत होता. गोळा तापून लाल झाला, मग पांढरा, आणि हायड्रोजन पेटला. काडी नाही की ठिणगी नाही. त्या गोळ्यातल्या असंख्य बारीक छिद्रांमुळे धातूचा खूप मोठा पृष्ठभाग वायूला भेटत होता. डोबेरायनरने यावरून दिवा लावायचं एक उपकरण बनवलं आणि ते युरोपात पुढे कितीतरी वर्षं विकलं जात होतं.

सूर्यप्रकाशाच्या बळावर पाणी फोडणारे जे सच्छिद्र पदार्थ आज प्रयोगशाळांत तयार होतात, त्यांचा मूळपुरुष मी या गोळ्याला मानतो. त्याचं काम मात्र नेमकं उलटं होतं: हायड्रोजन आणि ऑक्सिजन जोडून पाणी करायचं. जोडताना ऊर्जा बाहेर पडते. पाणी फोडायचं तर तेवढी ऊर्जा परत भरावी लागते, आणि ती कुठून भरायची हाच सगळा प्रश्न. लंडनमध्ये 1800 सालीच निकोल्सन आणि कार्लाइल यांनी व्होल्टाच्या नव्या बॅटरीतून वीज घेऊन पाणी फोडलं होतं. ऊन थेट वापरायचा विचार त्यानंतर शंभरेक वर्षांनी ठामपणे मांडला गेला. बोलोन्याचे जाकोमो चामिचान यांनी 1912 साली न्यूयॉर्कमधल्या रसायनशास्त्राच्या परिषदेत सांगितलं की दगडी कोळसा म्हणजे जुनं साठवलेलं ऊन आहे, आणि तो संपायची वाट न बघता आजचं ऊन वापरायला शिकलं पाहिजे. ओसाड, रखरखीत प्रदेशांत काचेच्या नळ्यांचे बिनधुराचे कारखाने उभे राहतील, असं चित्र त्यांनी रंगवलं होतं. ते व्याख्यान आजही मुळातून वाचावं इतकं ताजं आहे.

प्रत्यक्षात बुडबुडे दिसले ते 1967 साली, टोकियो विद्यापीठात. अकिरा फुजिशिमा तेव्हा केनिची होंडा यांच्या हाताखाली शिकणारे विद्यार्थी होते. अर्धवाहक पदार्थ पाण्यात बुडवून त्यावर प्रकाश टाकला की काय होतं, हा त्यांचा विषय. झिंक ऑक्साइडसारखे पदार्थ प्रकाशात स्वतःच विरघळून जात, कारण प्रकाशाने मोकळी झालेली ऊर्जा पाण्यावर न जाता त्या पदार्थालाच खात असे. फुजिशिमांनी टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक घेतला, तो पाण्यात ठेवला, समोर झेनॉनचा दिवा लावला. स्फटिकावर ऑक्सिजनचे बुडबुडे आले, तारेने जोडलेल्या प्लॅटिनमवर हायड्रोजनचे. स्फटिक तसाच राहिला, जराही झिजला नाही. विद्युत-रसायनशास्त्रातल्या जाणत्यांना सुरुवातीला हे पटेना, कारण ऑक्सिजन निघायला जितका विद्युतदाब लागायला हवा त्याहून फार कमी विद्युतदाबावर तो निघत होता. 1972 साली 'नेचर'मध्ये निबंध आला, पुढच्याच वर्षी तेलसंकट आलं, आणि मग साऱ्या जगाने तो निबंध उघडला.

टायटॅनियम डायऑक्साइड काही दुर्मिळ वस्तू नव्हे. घराच्या भिंतींना लावायच्या पांढऱ्या रंगात हीच पूड असते, आणि ज्या इल्मेनाइट खनिजापासून ती काढतात त्याची काळी वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. पण पांढरेपणातच तिचं दुखणं आहे. जो पदार्थ पांढरा दिसतो तो डोळ्यांना दिसणारा जवळजवळ सगळा प्रकाश परत पाठवतो. टायटॅनियम डायऑक्साइड फक्त अतिनील किरण घेतं, आणि उन्हातल्या ऊर्जेत त्यांचा वाटा पाचेक टक्क्यांहून अधिक नाही. फुजिशिमांनी टायटॅनियमचा पत्रा तापवून त्यावर ऑक्साइडचा थर चढवला आणि तो उन्हात ठेवला, तेव्हा दिवसभरात चौरस मीटरमागे सुमारे 7 लिटर हायड्रोजन मिळाला. वजनात तो एक ग्रॅमही भरत नाही.

मग रंगीत पदार्थ घ्यावा, हे ओघाने आलंच. सगळ्यात स्वस्त रंगीत पदार्थ म्हणजे गंज. लोखंडाचं हे लाल ऑक्साइड दिसणारा बराच प्रकाश घेतं, पाण्यात टिकतं, विषारी नाही. तरी अनेक वर्षं ते निरुपयोगी ठरलं, आणि छिद्रांचं महत्त्व त्या अपयशातच दडलेलं होतं. लाल ऑक्साइडमध्ये प्रकाश पूर्ण शोषला जायला काहीशे नॅनोमीटर जाडी लागते. पण प्रकाशाने इलेक्ट्रॉन उडाला की मागे जी रिकामी जागा उरते, जी पाण्यापर्यंत पोचून ऑक्सिजन मोकळा करते, ती जेमतेम 2 ते 4 नॅनोमीटर चालते आणि विझते. थर जाड केला तर आतल्या जागा पाण्यापर्यंत पोचत नाहीत, पातळ केला तर ऊन आरपार निघून जातं.

ही कोंडी फोडली ती स्वित्झर्लंडमधल्या लोझानने. तिथे 1991 साली ब्रायन ओ'रीगन आणि मिखाएल ग्रेट्झेल यांनी टायटॅनियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण भट्टीत भाजून एकमेकांना चिकटवले आणि 10 मायक्रोमीटर जाडीचा सच्छिद्र थर केला. त्याचा आतला पृष्ठभाग बाहेरून दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या शेकडो पट होता. त्यांना हवी होती वीज. त्या पृष्ठभागावर रंगद्रव्याचा थर देऊन त्यांनी सौरघट बनवला. पण त्याच प्रयोगशाळेने 2006 साली ती रचना गंजाला दिली, सिलिकॉनची किंचित भेसळ करून. जुन्या वाड्याच्या प्रत्येक खोलीला अंगणात उघडणारं दार असावं, मग वाडा कितीही मोठा असो, आतल्या माणसाला बाहेर यायला दोन पावलं पुरतात, तसं हे काम. थर प्रकाशासाठी जाड, रिकाम्या जागांसाठी पातळ. या साऱ्या कुळात मला याहून सुंदर युक्ती दिसत नाही. नवा पदार्थ शोधावा लागला नाही, फक्त जुन्या पदार्थात पाणी आतपर्यंत नेलं. 2014 साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात ते वू किम आणि क्यूंग-शिन चोई यांनी पिवळ्या बिस्मथ व्हॅनाडेटला असंच सच्छिद्र केलं, त्यावर उत्प्रेरकाचे दोन थर दिले, आणि कार्यक्षमतेचे आकडे बरेच वर गेले.

तारा आणि इलेक्ट्रोड वगळून नुसती पूडच पाण्यात टाकावी, ही दुसरी शाखा जपानमध्ये वाढली. कण स्वतःच पाणी फोडतो. त्यात खर्च कमी, पण इथे येनाचा गोळा आडवा येतो. हायड्रोजन सुटावा म्हणून कणावर प्लॅटिनम किंवा ऱ्होडियमचे ठिपके द्यावे लागतात, आणि हायड्रोजन व ऑक्सिजन शेजारीशेजारी असले की तेच ठिपके दोघांना जोडून पुन्हा पाणी करतात. उत्प्रेरक वाट सोपी करतो ती येण्याचीही आणि जाण्याचीही. काझुनारी दोमेन यांच्या गटाने यावर काढलेला तोडगा म्हणजे ऱ्होडियमच्या कणावर क्रोमियम ऑक्साइडचं तलम कवच. त्यातून हायड्रोजनची ये-जा होते, ऑक्सिजनला मात्र आत वाट मिळत नाही. 2020 साली याच गटाने ॲल्युमिनियम मिसळलेल्या स्ट्राँशियम टायटॅनेटच्या कणांवर शोषलेल्या अतिनील प्रकाशाचा जवळजवळ कणन् कण कामी लावून दाखवला.

पुढच्या वर्षी त्यांनी इबाराकी प्रांतात काकिओकाला उभारलेल्या प्रकल्पाची माहिती प्रसिद्ध झाली. 625 चौरस सेंटिमीटरच्या 1600 चौकटी, मिळून 100 चौरस मीटर. निघणारा वायू हायड्रोजन-ऑक्सिजनचं स्फोटक मिश्रण, म्हणून तो पोकळ तंतूंच्या पडद्यातून गाळून हायड्रोजन वेगळा केला. हा पडदाही छिद्रांचंच काम करतो. उन्हाची जास्तीत जास्त 0.76 टक्के ऊर्जा हायड्रोजनमध्ये उतरली. आकडा लहान, पण उघड्यावर, बदलत्या हवेत महिनोन् महिने चाललेल्या कामातला तो आकडा आहे, आणि म्हणून प्रयोगशाळेतल्या पुष्कळ मोठ्या आकड्यांपेक्षा मी त्याला जास्त मान देतो.

छिद्रांचा एक दोष मात्र सुटत नव्हता. वायूचा बुडबुडा छिद्रात अडकला की तेवढी जागा पाण्याला मुकते. 2023 साली लोझानमध्येच केव्हिन सिवुला यांच्या गटाने पाणीच काढून टाकलं. काचेचे तंतू एकत्र भाजून त्यांनी नमद्यासारखी पारदर्शक चकती केली, तिच्यावर वीज वाहून नेणाऱ्या टिन ऑक्साइडचा आणि मग प्रकाश शोषणाऱ्या अर्धवाहकाचा थर दिला. ऊन चकतीतून आत जातं, दमट हवाही जाते, आणि हवेतल्या बाष्पातून हायड्रोजन निघतो. पाण्यात बुडवायच्या घटांच्या तुलनेत उत्पन्न अजून कमी आहे. पुढचं काम आहे ते तंतूंची जाडी आणि छिद्रांचा आकार किती ठेवावा हे ठरवण्याचं, म्हणजे ऊन आणि बाष्प दोन्ही एकाच खोलीपर्यंत पोचतील.