मुळाबरहुकूम

१ नोव्हेंबर १९५४ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये जो जलसा झाला, त्यात श्रोत्यांनी पैसे मोजले होते ते कोणा नामांकित गायकासाठी नव्हे, तर लाकडी पेट्यांत बसविलेल्या लाउडस्पीकरांसाठी. आणि तरीही ते विशाल सभागृह भरून गेले होते. यजमान गिल्बर्ट ब्रिग्ज हे यॉर्कशायरचे गृहस्थ, कापडाच्या व्यापारात उमेदीचा काळ घालवून १९३२ साली इल्कली येथील आपल्या घराच्या तळघरात व्हार्फडेल या नावाने लाउडस्पीकर बनवू लागलेले. आणि त्यांना ध्वनिवर्धकांची रसद पुरविणारे पीटर वॉकर हे क्वाड या प्रख्यात नाममुद्रेचे जनक. कार्यक्रमाची योजना साधी होती. आधी वादकाने प्रत्यक्ष वाजवावे, मग त्याच वादनाची ध्वनिमुद्रिका त्याच सभागृहात लावावी, आणि यंत्रातून आलेला ध्वनी मुळाबरहुकूम आहे की नाही याचा निवाडा समोर बसलेल्या रसिकांनीच करावा. पुढल्या वर्षी ब्रिग्ज हाच जलसा न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये घेऊन गेले आणि तेथेही ऐकणाऱ्यांची गर्दी झाली.

ध्वनियंत्रांची अशी समोरासमोर पारख करण्याचा शिरस्ता मात्र ब्रिग्ज यांच्याहून पुष्कळ जुना आहे. १९१५ पासून पुढे सुमारे दहा वर्षे एडिसनच्या कंपनीने अमेरिकेतील गावोगावी जी स्वरपरीक्षणे भरविली, त्यांत गायिका यंत्राशेजारी उभी राहून गाई, मध्येच दिवे मालवले जात, आणि आता कानावर पडते आहे ते गळ्यातून येते की तबकडीतून, हे ओळखण्याचे आव्हान श्रोत्यांना दिले जाई. विजेच्या साहाय्याने होणारे ध्वनिमुद्रण तोवर प्रचारात आले नव्हते. कर्ण्यात तोंड घालून गायलेल्या त्या मुद्रिकांचा आवाज आज ऐकला, तर हा भ्रम झालाच कसा याचे नवल वाटते. त्याचे उत्तर या परीक्षणांत गाणाऱ्या अॅना केस या गायिकेने पुढे वृद्धपणी देऊन ठेवले आहे: ती आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळेल अशा बेताने आवरून गात असे. म्हणजे यंत्र माणसाबरहुकूम असल्याची द्वाही फिरत असता माणूस गुपचूप यंत्राबरहुकूम होत होता. या शास्त्राच्या इतिहासात याहून बोलका दाखला मला ठाऊक नाही.

१९२३ मध्ये कॉम्प्टन मॅकेन्झी या कादंबरीकाराने ‘द ग्रामोफोन’ हे मासिक सुरू केले आणि या पारखीला सार्वजनिक चर्चेचे स्वरूप आले. पोलादी सुई बरी की बांबूची, कर्णा किती लांब असावा, पेटीचे लाकूड कोणते, अशा प्रश्नांवर सुशिक्षित माणसे पानेच्या पाने लिहू लागली, आणि एकमेकांच्या घरी जमून, तीच तबकडी दोन यंत्रांवर लावून आपापल्या मतांची कसोटी पाहू लागली. ब्रिग्ज यांचा धंदा तरी वर आला कसा? ब्रॅडफर्डच्या रेडिओ मंडळाच्या स्पर्धेत त्यांच्या लाउडस्पीकरांनी पहिले व दुसरे पारितोषिक मिळविले, यामुळेच. तुलना हा या व्यवसायाचा शेवट नसून आरंभ आहे.

या तुलनेत एक सापळा आहे, तो येथेच सांगून टाकावा. १९३३ साली बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी दाखवून दिले की आवाज लहान झाला म्हणजे आपल्या कानाला खर्ज आणि अतितार मध्यभागाच्या मानाने अधिकच क्षीण वाटू लागतात. सबब दोन यंत्रांपैकी एक किंचितही मोठ्याने वाजत असेल, तर ते अधिक भरदार, अधिक उजळ, थोडक्यात अधिक चांगले आहे असा कौल कान देऊन मोकळा होतो. खरे दर्दी म्हणूनच प्रथम दोन्हींची पातळी काटेकोर जुळवून घेतात आणि मगच तोंड उघडतात. पुष्कळ दुकानदारांना ही दक्षता कधी परवडली नाही.

परंतु एडिसनपासून ब्रिग्जपर्यंतच्या या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी एक गृहीत होते, व ते इतके स्वाभाविक होते की त्याचा उच्चार करण्याची गरज कोणास भासली नाही. ते गृहीत असे की तबकडीच्या पलीकडे कोठेतरी, एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट दालनात, एक मूळ ध्वनी उमटून गेलेला आहे. तबकडी ही त्याची नक्कल, आणि यंत्राचे इमान त्या मुळाशी. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रॉक संगीतातील काही विलक्षण, विक्षिप्त म्हणून हिणवल्या गेलेल्या माणसांनी हे गृहीतच मोडीत काढले, आणि माझ्या मते तुलनेच्या या जुन्या रिवाजाचे त्यामुळे कल्याण झाले.

त्यांतील पहिले नाव कॅप्टन बीफहार्ट हे टोपणनाव धारण करणाऱ्या डॉन व्हॅन व्ह्लीट यांचे. १९६९ साली निघालेला ‘ट्राउट मास्क रेप्लिका’ हा त्यांचा दोन तबकड्यांचा संच म्हणजे कॅलिफोर्नियातील वुडलंड हिल्स या भागातल्या एका भाड्याच्या घरात कित्येक महिने चाललेल्या, अर्धपोटी आणि जुलमी तालमींचे फळ होय. व्हॅन व्ह्लीट यांना पियानो वाजविता येत नसे. ते पट्ट्यांवर हात चालवीत, आणि ढोलवादक जॉन फ्रेंच ते उतरवून घेऊन, त्याचे तुकडे जोडून, प्रत्येक वादकाला त्याचा भाग पढवीत. निर्माता फ्रँक झॅपा यांची मूळ तजवीज अशी होती की, मानववंशशास्त्रज्ञ जसे एखाद्या वस्तीत जाऊन तेथील गाणे टिपून आणतात, तसे हे संगीत त्या घरातच, खोल्याखोल्यांतून टिपावे. पण पैसे वाचविण्याची ही युक्ती आहे असा व्हॅन व्ह्लीट यांना संशय आला आणि मंडळी ग्लेनडेलच्या रीतसर स्टुडिओत गेली. तेथे वादकांनी सुमारे वीस रचना अवघ्या सहाएक तासांत वाजवून टाकल्या, इतक्या त्या अंगात मुरल्या होत्या. गाण्याची वेळ आली तेव्हा व्हॅन व्ह्लीट यांनी कानावर हेडफोन चढविण्याचे नाकारले, आणि काचेपलीकडून झिरपत येणाऱ्या पुसट आवाजाच्या आधाराने ते गायले. त्यामुळे गाणे आणि वाद्य यांचा लय-संबंध असा काही सैल झाला आहे की तो कोणत्याही रंगमंचावर घडणे शक्य नव्हते. या संचात घरात टिपलेले काही तुकडेही ठेवले आहेत. आता सांगा, येथे मूळ कोणते मानावे? घरातले, स्टुडिओतले, की काचेपलीकडचे?

जर्मनीत हा प्रकार आणखी पुढे गेला. हॅम्बुर्ग आणि ब्रेमेन यांच्या दरम्यान व्ह्यूमे या खेड्यात एक जुनी शाळा होती. १९७१ मध्ये उवे नेटेलबेक या पत्रकाराच्या खटपटीने पॉलिडोर कंपनीने तेथे फाउस्ट या मंडळींची राहण्या-वाजविण्याची सोय करून दिली, आणि सोबत कुर्ट ग्राउपनर नावाचा कसबी ध्वनि-अभियंता दिला. ग्राउपनर यांनी वादकांसाठी काळ्या पेट्या तयार केल्या, ज्यांच्या योगे एकाने काढलेला स्वर दुसऱ्याला वाजता वाजता बदलून टाकता येई. सबब कोणता आवाज कोणाचा, हे वाजविणाऱ्यांनाही निश्चित सांगता येत नसे. त्यांची पहिली तबकडी पारदर्शक होती आणि वेष्टनावर मुठीची क्ष-किरण प्रतिमा होती, कारण फाउस्ट या जर्मन शब्दाचा एक अर्थ मूठ असा आहे. दुसरी तबकडी आतबाहेर काळीकुट्ट. १९७३ मध्ये व्हर्जिन या तेव्हा नव्यानेच निघालेल्या कंपनीने त्यांच्या कापाकापी करून जोडलेल्या फितींची ‘द फाउस्ट टेप्स’ ही मोठी तबकडी एका लहान तबकडीच्या दरात विकली, आणि असे संगीत ज्यांनी एरवी जन्मात ऐकले नसते अशा हजारो इंग्रज घरांत ती जाऊन पोहोचली.

कोलोनच्या कॅन मंडळींची कथा यापेक्षा मला अधिक प्रिय आहे. इर्मिन श्मिट आणि होल्गर चुकाय हे दोघेही कार्लहाइन्झ श्टोकहाउझेन या थोर संगीतकाराचे विद्यार्थी, याकी लीबेत्साइट हा मुक्त जॅझ सोडून ठेक्याच्या कठोर आवर्तनाकडे वळलेला तालवादक, आणि मिखाएल कारोली हा तरुण गिटारवादक. १९६८ पासून नोर्फेनिखच्या गढीत त्यांना फुकट जागा मिळाली होती. हाताशी होती ती दोन मार्गांवर टिपणारी साधी फीतयंत्रे. मंडळी तासन्‌तास वाजवीत, फीत फिरत राही, आणि मग चुकाय कात्री घेऊन बसत व त्या लांबच लांब वादनातून रचना कापून काढीत. १९७१ चा ‘टॅगो मॅगो’ असा घडला. त्यातील तबकडीची संपूर्ण एक बाजू व्यापणारी अठरा मिनिटांची ‘हॅलेलुवा’ ऐकताना लीबेत्साइटचा ठेका अढळ वाटतो, पण आपण ऐकतो ती सलग घटना कोणत्याही दिवशी घडलेली नाही. ती चुकाय यांच्या मेजावर घडली. पुढे ही मंडळी वाइलर्सव्हिस्ट येथील एका बंद पडलेल्या चित्रपटगृहात गेली आणि ध्वनी आवरण्यासाठी त्यांनी भिंतींना लष्करी गाद्या ठोकल्या, सुमारे १५००.

येथे आपल्या प्रांताशी एक धागा जुळतो, दूरचा पण खरा. १९७२ च्या शरदात टोनी कॉनराड हे गणित शिकलेले अमेरिकन व्हायोलिनवादक व्ह्यूमेच्या शाळेत आले, आणि त्यांनी फाउस्टच्या वादकांकडे मागणी केली की एकाने एकच स्वर धरावा, दुसऱ्याने एकच ठेका, आणि तो सोडू नये. हे एकस्वराचे व्रत ते न्यूयॉर्कहून घेऊन आले होते, जेथे ते ला मॉन्टी यंग यांच्यासह वर्षानुवर्षे अखंड स्वर लावून बसत. आणि यंग यांच्या कानात हे बीज पडले होते १९५५ च्या अली अकबर खाँसाहेबांच्या मुद्रिकेतील तंबोऱ्यावाटे. यंग पुढे १९७० पासून पंडित प्राणनाथ यांचे गंडाबंध शिष्य झाले. प्राणनाथ हे अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शागीर्द, म्हणजे किराण्याचे. आणि किराण्याचे दुसरे आद्य पुरुष अब्दुल करीम खाँसाहेब आपल्या मिरजेत चिरविश्रांती घेत आहेत. त्याच मिरजेत, पटवर्धनांच्या संस्थानी अमदानीत, शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी तंबोरे घडविण्यास प्रारंभ केला, आणि तेथे आजही घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावताना कारागीर आणि गवई शेजारी शेजारी बसून दोन तंबोऱ्यांच्या झंकाराची तुलना करतात. त्या तुलनेत मूळ म्हणून दाखविता येईल असा तिसरा तंबोरा नसतो. दोन कानांचे एकमत होईपर्यंत दोरा सरकत राहतो. हाय-फायच्या दर्दींनी जी गोष्ट पन्नास वर्षांनी मोठ्या वादंगातून शिकली, ती या मंडळींच्या नित्याच्या व्यवहारात होती.

वादंग कसले? ‘द फाउस्ट टेप्स’ निघाली त्याच १९७३ साली अमेरिकेत हॅरी पिअर्सन यांनी एक नियतकालिक काढले, आणि विद्युत्‌साहाय्यावाचून प्रत्यक्ष दालनात उमटलेले वाद्यसंगीत हाच यंत्रांच्या पारखीचा एकमेव निकष, असे जणू फर्मान काढले. या निकषाने रॉकची तबकडी पुराव्यातूनच बाद होते, आणि बीफहार्ट किंवा फाउस्ट यांची तर दखलच घ्यावी लागत नाही. पिअर्सन यांचा कान तीक्ष्ण होता आणि लेखणी समर्थ होती, हे मान्य करूनही त्यांचा हा निवाडा मला चुकीचा वाटतो. व्हायोलिन कसे वाजावे याची प्रत्येकाची आठवण वेगळी, दालन वेगळे, बसण्याची जागा वेगळी. मग चार माणसे यंत्रांची तुलना करण्यास जमली की प्रत्येक जण समोरच्या ध्वनीशी नव्हे, आपल्या आठवणीशी तुलना करतो, आणि जो अधिक मैफली ऐकल्याचे सांगतो त्याचे मत सरस ठरते. उलट ‘ट्राउट मास्क रेप्लिका’ लावा. निकृष्ट यंत्रावर ती निव्वळ कलकल आहे. चांगल्या यंत्रावर डावीकडची गिटार आणि उजवीकडची गिटार आपापल्या भिन्न लयीत स्वतंत्र चालू लागतात, खालचा बेस त्यांच्यापासून सुटा होतो, आणि फ्रेंच यांचा ढोल या तिघांना कोठे गाठतो व कोठे सोडतो हे कळू लागते. येथे कोणाची आठवण कामास येत नाही. ऐकू आले की नाही, एवढाच प्रश्न, आणि तो शेजारी बसलेल्या माणसाला विचारून पडताळता येतो.

ग्लासगोच्या लिन कंपनीचे आयव्हर टीफेनब्रुन याच सुमारास असा आग्रह धरीत होते की तबकडीवरून जे आधी उचललेच गेले नाही ते पुढचा कोणताही लाउडस्पीकर परत आणू शकत नाही, म्हणून पारख टर्नटेबलापासून सुरू करावी. आणि ऐकविण्याच्या दालनात वाजणाऱ्या जोडीखेरीज दुसरा लाउडस्पीकर ठेवू नये, कारण न वाजणाऱ्याचा पडदाही हवेबरोबर हलतो आणि ध्वनी गढूळ करतो. या दुसऱ्या मुद्द्यावर शास्त्रज्ञ पुष्कळ भांडले. पण दालनात एक वस्तू कमी करून पुन्हा ऐकावे, ही सवय त्यामुळे घराघरांत गेली, आणि सवय चांगली आहे.

कॅनच्या तबकड्या २००४ मध्ये मूळ फितींवरून, श्मिट आणि चुकाय यांच्या देखरेखीखाली, पुन्हा सिद्ध करून सुपर ऑडिओ सीडीच्या रूपाने निघाल्या; तीन वर्षांनी वाइलर्सव्हिस्टचा स्टुडिओ गाद्यांसकट उचलून ग्रोनाउ येथील संगीत-संग्रहालयात मांडण्यात आला, आणि त्या उचलाउचलीच्या निमित्ताने ज्या विसरलेल्या फिती हाती लागल्या, त्यांतून २०१२ मध्ये ‘द लॉस्ट टेप्स’ हा संच प्रसिद्ध झाला. तेव्हापासून दर्दी मंडळी १९७१ चा जुना जर्मन छाप आणि २००४ ची आवृत्ती शेजारी शेजारी लावून ऐकत आहेत. एक पक्ष म्हणतो की वादक स्वतः हजर होते, तेव्हा नवी आवृत्तीच प्रमाण. दुसरा म्हणतो की वादकांचे कान तोवर तेहतीस वर्षांनी वृद्ध झाले होते, आणि चुकाय यांनी फीत कापली ती त्या पहिल्या छापासाठी. मी दोन्ही ऐकल्या आहेत. लीबेत्साइटच्या ढोलासाठी नवी घ्यावी, आणि कॅनचे गायक दामो सुझुकी यांच्या पुटपुटत्या गळ्यासाठी जुनी. आणि ज्याला हे पटत नसेल त्याने आपली जोडी घेऊन यावे, पातळी जुळवून आपण पुन्हा ऐकू.